काकांचा फिका लाल

हे मी अजून कोणालेच सांगितलं नाही. बायकोलेही नाही. तुम्हाले काहून सांगून राहिलो — ते मलेही समजत नाही.

रायपुरात मी जुने टीव्ही सुधारतो. शंकर नगरात एक काका राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले, आमच्याच वर्ध्याकडचे. त्यांच्याकडं कपाटाएवढा प्रोजेक्शन टीव्ही आहे. आत तीन ट्यूब — लाल, हिरवी, निळी — अन् तिघींचं चित्र आरशावरून पडद्यावर पडते. काकांची तक्रार एकच, लाल फिका दिसते.

ट्यूब तपासली, आरसा पुसला. पडद्यावर नुसता लाल लावून पाहिला — चांगला कुंकवासारखा. काकूलेही तसाच दिसला. काका म्हणे, "अबे, हा तर धुतल्यासारखा दिसते."

आता सांगा, टीव्ही चांगला, दोघांले नीट दिसून राहिलं, मग दोष कुठं असंल? काकांच्या टीबीच्या गोळ्या चालू होत्या. त्यांचं डोळ्यांशी काही असते, हे मले माहीत नव्हतं. पण दोष डोळ्यातच आहे, हे समजलं होतं — तेव्हाच समजलं होतं. बोललो काहून नाही? दोष सापडला नाही म्हणून मी कोणाच्या घरून कधी परतलो नव्हतो, त्याचा माज होता मले. अन् काकांच्या तोंडाले भ्यायचो. हे दुसरं कबूल करायले जास्त वेळ लागला.

मग मी लाल वाढवत गेलो — काका "हव, आता बरोबर" म्हणेपर्यंत. काकू मागून म्हणाल्या, "अरे, सगळ्यायची तोंडं उकडल्यावानी दिसून राहिली." अन् मी काय म्हणावं? म्हटलं, काकू, तुम्ही चष्मा बदलून घ्या. काका हसले. काकूनं खरंच चष्मा बदलला. ज्यांचे डोळे चांगले, त्यांले मी डॉक्टरकडं धाडलं.

काकांची नजर गेली. त्या गोळ्यांनीच. डॉक्टर म्हणाले, लाल फिका दिसू लागला तेव्हाच आणलं असतं तर गोळी बदलता आली असती, डोळे बहुतेक वाचले असते. आता काका टीव्ही नुसता ऐकतात.

परवा गेलो होतो. काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "माह्याच ध्यानात यायले पाहिजे होतं रे. घरात मीच आंधळी. तुले तरी तेव्हा काही वाटलं होतं का?"

मी नाही म्हटलं.

वाटलं होतं. लाल वाढवतानाही वाटून राहिलं होतं.