वरच्या मजल्यावरची सही

दिल्लीत सरकारी नोकरीत जन्म काढला आणि निवृत्तीनंतर गुरुग्रामला एका उंच सोसायटीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. राहायला गेल्यावर वर्षभरात बायको गेली. मुलगा पुण्यात. त्यामुळे घरात मी एकटा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर बेडरूमच्या भिंतीवर उमटलेली ओल.

ओल छतापासून सुरू होऊन कपाटामागे उतरली होती. पोपडे धरले, रंग फुगला. माझ्या डोक्यावर, सातव्या मजल्यावर, शाळेतून निवृत्त झालेल्या एक पंजाबी बाई राहायच्या. त्याही एकट्याच. त्यांच्या बाथरूममधूनच पाणी झिरपतंय याबद्दल मला शंका नव्हती. मी वर जाऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बाथरूम कोरडं आहे, आत येऊन पाहा. मी दारातूनच परत फिरलो. आयुष्यभर फायलींवर टिपणं लिहिलेला माणूस. घरी येऊन फ्लॅटमालकांच्या असोसिएशनला लेखी तक्रार केली. ती त्यांच्या फ्लॅटच्या नंबरासकट खाली नोटीस बोर्डावर लागली. त्यानंतर लिफ्टमध्ये भेटलो तरी आम्ही दोघंही आकड्यांकडे बघत उभे राहायचो. जवळजवळ दोन वर्षं.

मग इतर घरांतूनही तक्रारी यायला लागल्या. कुणाच्या बाल्कनीचं प्लॅस्टर पडलं, तळघरातल्या पार्किंगमध्ये खांबाला तडा दिसला. असोसिएशनने बाहेरचा एक इंजिनिअर बोलावला. तो आठवडाभर ठोकून, पाणी सोडून तपासत होता. माझ्या घराबद्दल त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या : बाहेरच्या भिंतीचे सांधे बांधतानाच नीट भरलेले नाहीत, पावसाचं पाणी तिथून आत येतं, वरच्या घराचा संबंध नाही.

त्या दोन ओळी मी बऱ्याचदा वाचल्या.

बिल्डरवर दावा करायचा ठरला. पण आमच्या असोसिएशनचे नियम कडक होते. आधी बिल्डरला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यायची. ती दिली, त्याची माणसं आली, फोटो काढून गेली, परत आली नाहीत. पुढे दावा लावायचा तर दोन तृतीयांश मालकांची लेखी संमती हवी. भाडेकरूची सही चालत नाही. शिवाय ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे, आणि आमच्या हातात दोनच महिने उरले होते, असं वकिलांनी बजावलं. कमिटीतले सगळे नोकरीवाले. मी रिकामा, कागदपत्रांची सवय असलेला. फॉर्मांचा गठ्ठा माझ्याकडे आला.

रोज संध्याकाळी एकेक मजला करायचो. इतक्या वर्षांत ज्यांची दारं फक्त बंद पाहिली होती, ती पहिल्यांदा उघडली. कुणी उभ्या उभ्या सही केली, कुणी म्हणालं, केस झाली की फ्लॅट कोण घेणार? चहा घ्या असं फार थोड्यांनी म्हटलं. पण एवढं बोलणं बायको गेल्यापासून माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मी मुद्दाम हळूहळू मजले करत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

सातव्या मजल्यावरच्या त्या दाराला कुलूप होतं. गार्ड म्हणाला, मॅडम चार महिन्यांपूर्वीच मुलीकडे फरीदाबादला गेल्या. माझ्या डोक्यावरचं घर चार महिने रिकामं होतं आणि मला पत्ता नव्हता.

फॉर्म कुरिअरने पाठवता आला असता. मी मेट्रोने निघालो. केंद्रीय सचिवालयाला गाडी बदलली. तिथे रोज उतरायचो ते दिवस आठवले, पण ओळखीचं कुणी दिसलं नाही.

त्यांनीच दार उघडलं. ओळखलं, आत बसवलं, पाणी आणून दिलं. मी फॉर्म काढण्याआधी इंजिनिअरचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. मी म्हणालो, चूक माझी होती, माफी मागायला आलोय.

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, "आप एक बार अंदर आकर देख लेते. बस."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. नोटीस लागल्यावर खालच्या बाकावरच्या बायका त्यांच्याशी जपून बोलायला लागल्या. पुढे त्यांनीच खाली उतरणं सोडलं. सकाळी माझ्या कुकरच्या शिट्ट्या वर ऐकू यायच्या. "लगता था, चलो, कोई तो उठा है," त्या म्हणाल्या. रागाने नाही, सहज सांगितल्यासारखं. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि माझ्यासाठी पराठे गरम केले.

निघताना मी विचारलं, परत कधी येणार? त्या म्हणाल्या, आता तिथे कुणासाठी यायचं?

सह्या मुदतीत पूर्ण झाल्या, तक्रार दाखल झाली. निकाल यायला दीड वर्ष लागलं. दुरुस्ती बिल्डरनेच करून द्यायची असा आदेश झाला. परांची बांधून बाहेरचे सांधे भरले, आणि पुढच्या पावसाळ्यात माझी भिंत कोरडी राहिली. मी त्यांना फोन करून कळवलं. त्यांना बरं वाटलं. म्हटलं, एकदा येऊन बघून जा. त्या म्हणाल्या, फ्लॅटचा सौदा झालाय, येणं काही होणार नाही. तब्येतीची चौकशी दोघांनीही केली. त्यानंतर फोन करायला कारण उरलं नाही.

वरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. दोघंही दिवसभर ऑफिसात असतात. त्यांची नावं मला अजून माहीत नाहीत.