लातेचं बटण

इंझोरीच्या चंपतच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत, मधलं आणि त्याच्या शेजारचं. कुणी विचारलं तर एकाला सांगतो, इंजिनच्या पट्ट्यात गेली. दुसऱ्याला सांगतो, बैलानं तुडवली. तिसऱ्याला सरळ शिवी देतो. खरं काय ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तरी लोक विचारतात, कारण चंपत चिडला की बघायला मजा येते. पोलिसांना तेवढं माहीत नाही, आणि त्यांना सांगायलाही कुणी गेलेलं नाही.

चिडणं हा या माणसाचा जन्माचा धंदा. कारंजाच्या भाजीबाजारात एका व्यापाऱ्यानं त्याच्या वांग्यात नख खुपसून पाहिलं, तर यानं त्याला वांग्यांच्या ढिगावरच आडवा केला. स्वतःच्या लग्नात बँडवाल्याच्या कानाखाली काढली, ताल चुकला म्हणून. हात सुटला की तासाभरात पस्तावायचा, डोळ्यांतून पाणीही काढायचा. पण ज्याचा दात हलला त्याला त्या पाण्याचा काय उपयोग?

धाकटा भाऊ गोपाल अगदी उलटा. शिवी आली तर ऐकून घेणार, ढकललं तर दोन पावलं मागे सरकणार. वाटणी झाली तेव्हा रीतीप्रमाणे थोरल्यानं वाटे पाडले आणि धाकट्यानं आधी उचलला. शेत वाटलं, बैल वाटले, भांडीकुंडी वाटली. सामाईक राहिल्या दोनच गोष्टी. एक विहीर, आणि दुसरी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत उभी असलेली व्हिडिओ गेमची मशीन.

ही मशीन मूळची कारंजाच्या गोपीचंदच्या पार्लरमधली. शाळेच्या नावानं एसटीत बसून दोघं भाऊ तिथं जायचे आणि मास्तरांचा मार खायचे. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, वर काच, समोरच्या फळीवर दोन दांडे आणि दोघांपुढं दोन-दोन बटणं, एक बुक्कीचं आणि एक लातेचं. फटीत जुना मोठा रुपया टाकला की पडद्यावर दोन पैलवान समोरासमोर उभे राहत. दोघांच्याही डोक्यावर जिवाची पिवळी पट्टी. मार बसेल तशी ती लाल होत जाई, आणि संपली की गडी आडवा. तिनात दोन डाव मारणारा जिंकला. हरलेल्याचं सुजलेलं, रक्ताळलेलं तोंड पडद्यावर येई आणि खाली आकडे सुरू होत. नऊ, आठ, सात. शून्याच्या आत रुपया टाकला तर मेलेला गडी टुणकन उभा! पुढं पोरांच्या हातात मोबाइल आले, पार्लर बसलं, आणि पेटी भंगारात जाणार असं कळल्यावर भावांनी कांद्याचे चार कट्टे देऊन ती मॅटेडोरमध्ये घालून घरी आणली. तिच्या गल्ल्याची किल्लीही आणली, त्यामुळे तोच एक रुपया चौदा वर्षं फिरत राहिला.

आता पाण्याच्या पाळीचं सांगितलं पाहिजे. एप्रिलमध्ये ही विहीर दीड तासात तळाला जाते आणि भरायला पुढची सकाळ उजाडते. म्हणजे ज्यानं आधी मोटार लावली त्याचं वावर भिजणार, मागच्याच्या वाट्याला गाळ. दुसऱ्यांच्या धुऱ्याबांधावर यावरून कुऱ्हाडी निघतात. या दोघांनी मात्र ठरवून टाकलं होतं, सोमवारी सकाळी विजेची लाइन आली की आधी मशीन लावायची, जो जिंकेल त्याची आठवडाभर पहिली पाळी. गाव हसायचं. पण चौदा वर्षांत या विहिरीवर एकदाही डोकं फुटलं नाही, आणि हसणाऱ्यांच्या विहिरींवर काय काय फुटलं ते न सांगितलेलं बरं.

खेळायची तऱ्हाही ज्याची त्याच्या स्वभावासारखी. चंपतला दांडा पुढं रेटणं तेवढं माहीत. उडी आणि लात, उडी आणि लात, समोरचा मरेपर्यंत. गोपाल दांडा मागं ओढून धरायचा. दांडा मागं असला की पडद्यावरचा गडी दोन्ही हात आडवे धरून मार अडवतो. चंपतची एखादी लात हवेत गेली की हा खाली बसून एकच बुक्की हाणायचा. तरी निम्म्या वेळा चंपत जिंके, कारण त्याची लात खरोखरच वाईट होती.

त्या सोमवारी चंपतची मिरची फुलावर होती आणि दुपार व्हायच्या आत माना टाकत होती. मागचे दोन्ही सोमवार गोपालनं मारले होते. हा तिसराही गेला तर फूल झडणार आणि वर्षाची मिरची गेली, हे दोघांनाही कळत होतं. त्यात गुरुवारी स्टार्टर जळाला, तेव्हा गोपाल बाजारात होता. चंपतनं एकट्यानं तो जोडून मोटार चालू केली होती, आणि आपण जोडलेल्या मोटारीवर दुसऱ्याचं शेत भिजतंय हा काटा त्याला चार दिवस टोचत होता.

नऊ वाजता लाइन आली. चंपतनं रुपया टाकला, उडी घेतली, लातेचं बटण दाबलं. गडी नुसताच उडाला आणि ओंडक्यासारखा खाली आला. गोपालनं बुक्की हाणली. पुन्हा उडी, पुन्हा बटण, पुन्हा काही नाही. पहिला डाव गेला.

"हे बटन काहून नाही चालून राह्यलं बे?"

"मले काय मालूम? माहं त चालते."

दुसऱ्या डावात चंपत बटणावर मूठच आपटत होता. फळी हादरत होती, पण पाय काही उठला नाही. पडद्यावर त्याचं सुजलेलं तोंड आलं आणि नऊ, आठ, सात सुरू झालं.

"काल तू इकडं आलता," चंपत म्हणाला.

"आलतो. मोटारीले ग्रीस लावाले."

"माहं बटन तोडाले आलता!"

"दादा, डोकं फिरलं काय तुयं? हारला त हारला."

चंपतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीला पाइप आवळायचा लोखंडी पाना टेकलेला होता, तो त्यानं उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला. गोपाल मागं सरकला आणि त्यानं दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरले, अगदी मशीनमधल्या गड्यासारखे, कारण मार चुकवायची तेवढी एकच तऱ्हा त्याला येत होती. चंपतलाही पुढं रेटण्याशिवाय काही येत नव्हतं. दुसऱ्या घावाला उजव्या हाताचं हाड वाजलं. हात खाली पडला, आणि तिसरा घाव डोक्यात बसला. गोपाल उंबऱ्यावर कोसळला. कानामागून रक्त आलं, थेंब थेंब नव्हे, धारेनं, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरत मोटारीच्या पायापर्यंत गेलं.

चंपत पाना धरून उभा. खोटं वाटेल, पण तो मनात आकडे मोजत होता. नऊ. आठ. चौदा वर्षांत त्यानं या भावाला शेकडो वेळा आडवा केला होता आणि दर वेळी तो उठला होता.

"ऊठ," तो म्हणाला. "ऊठ ना बे."

गोपालची बायको अंजू शेजारच्या वाफ्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, तोडत होती, ती पळत आली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन तिनं आधी पदर जखमेवर दाबला, मग वर पाहिलं.

"उभे काय राह्यले? पंजाबरावची गाडी बलावा!"

पंजाबरावची भाजीची ऑटो आली. सांभाराच्या पोत्यांवर गोपालला निजवलं. चंपत चढायला गेला तर अंजूनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला खाली लोटलं. "तुमी हात लावू नोका त्यायले." आजवर ती या जेठापुढं मान वर करून बोलली नव्हती.

ऑटो गेली. चंपतच्या कोपरापर्यंत रक्त होतं, ते धुवायला त्यानं मोटार लावली. बटण दाबताना त्याचं लक्ष गेलं, स्टार्टरचं झाकण घाईत जोडल्यामुळं लोंबलेलं होतं, आणि आत हातभर लाल वायर दिसत होती.

ती वायर चंपतनं ओळखली. गुरुवारी दुसरी वायर सापडेना म्हणून त्यानं मशीनचं मागचं झाकण उघडलं होतं. आत वायरींचं एवढं जंजाळ, यातली एक गेली तर काय बिघडतं, म्हणून हाताला आली ती ओढून काढली होती आणि त्याच दुपारी विसरला होता. त्यानं मशीनचं झाकण उघडून पाहिलं. त्याच्याच बाजूचं लातेचं बटण वायरीवाचून उघडं पडलं होतं. मोटार बंद करायचंही त्याला सुचलं नाही. पाणी पाटानं वाहत जाऊन त्याच्या मिरचीला मिळालं, आणि त्या वर्षी ती मिरची इतकी आली की बघून त्याला ओकारी यायची.

गोपालला कारंजाहून अकोल्याला नेलं. सहा दिवस तो शुद्धीवर नव्हता, आणि ते सहा दिवस चंपत दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसून होता. शुद्धीवर आल्यावर पोलिसांनी विचारलं तेव्हा जड जिभेनं गोपाल म्हणाला, "विहिरीच्या थारोळ्यावरून पाय घसरला." दीड महिन्यानं घरी आला तो उजवा हात लोंबकळतच. बोटं हलत नव्हती, ती पुढंही हलणार नव्हती.

पहिल्याच सोमवारी तो मोटारीच्या खोलीत आला. चंपतनं नवी वायर आणून बटण जोडून ठेवलं होतं. जुनी लाल वायर त्यानं भावासमोर धरली आणि सगळं सांगितलं. गोपालनं डाव्या हातानं मशीनची फळी दाखवली.

"हात ठेव फळीवर."

"कोनता?"

"ज्यानं मारलं तो."

चंपतनं उजवा पंजा बटणांवर ठेवला. गोपालनं डाव्या हातानं तोच पाना उचलला.

"मांगं ओढू नोको," तो म्हणाला.

चंपतनं ओढला नाही. पाना आला तेव्हा सुक्या काडीसारखा आवाज झाला, दोन बोटं मोडली, आणि लातेचं बटण फुटून फळीत रुतलं. चंपत गुराच्या ओरडण्यासारखा ओरडला, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात उलटा सुटला नाही. गोपालनं पाना विहिरीत फेकला, आणि तो शांत माणूस काठावर बसून ढसढसा रडला.

"आजपासून पहिली पाळी तुयीच," चंपत म्हणाला.

"भीक नोको मले पान्याची. बटन दुरुस्त कर. पुढच्या सोमवारी खेळू."

ते आजही खेळतात. गोपाल एकाच हातानं दांडा ओढून धरतो, तोच सोडून बुक्कीचं बटण दाबतो, आणि चंपत तीन बोटांनी लाथा घालतो. चंपत हरला की त्याच्या नाकपुड्या फुगतात, मान लाल होते. तेव्हा गोपाल त्याच्याकडे न बघता म्हणतो, "आधी मांगचं झाकन खोलून पाह्य."

आणि चंपत खरंच झाकण उघडतो, वाकड्या बोटांनी एकेक वायर चाचपतो, सगळ्या जागेवर सापडल्या की झाकण लावतो आणि जाऊन भावाच्या पाळीची मोटार चालू करतो.