अजून वल्ला शे

वल्ले आबा कुठलीही वस्तू घेण्याआधी ती कानाशी धरून हलवून बघत. नारळाचं आपण समजू शकतो. पण आबा इस्त्री हलवत, कुलूप हलवत, औषधाचं पाकीट हलवत. एकदा ते गल्लीत नवं जन्मलेलं बाळ बघायला गेले, तेव्हा बाळाच्या आजीने ते चटकन पदराखाली घेतलं, असं मी सगळ्यांना सांगत असते. ते खरं नाही. पण आबांना ओळखणाऱ्या एकानेही आजवर शंका काढलेली नाही.

नंदुरबारात आबांची मिरचीची छोटी पथारी होती. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. शेतातून आलेल्या मिरचीच्या वजनात पाणी असतं. वाळली की मूठभर उचलून हलवावी, आतलं बी खुळखुळतं. खुळखुळ आली की माल खरा, नाहीतर आबांचा शेरा ठरलेला, "अजून वल्ला शे." म्हणजे ओला आहे, थांबा, पाण्याचे पैसे मोजू नका. हा शेरा त्यांनी मिरचीपुरता ठेवला असता तर त्यांना वल्ले आबा हे नाव पडलं नसतं. त्यांनी तो साऱ्या दुनियेला लावला.

त्यांच्या हिशेबाने हंगामात घेतलेली प्रत्येक वस्तू ओली. म्हणून स्वेटर होळीनंतर आणि छत्री दिवाळीच्या तोंडावर. त्यांचं लग्नही लग्नसराईच्या शेवटच्या तिथीला लागलं म्हणे, कारण तोवर वाजंत्रीवाल्यांचे भाव उतरले होते. एकीकडे मंडपाचे बांबू सुटताहेत आणि दुसरीकडे आबांवर अक्षता पडताहेत, हे चित्र मी इतक्यांदा रंगवलंय की आता मला ते माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

मी घरी शिकवण्या घेते. पेपर काढायला कॉम्प्युटर हवा म्हणून मी आबांना घेऊन महेंद्रच्या दुकानात गेले. महेंद्र आमच्याच गल्लीतला. त्याने पुढ्यात आणलं एक काळं खोकं, आत लाल-निळे-हिरवे दिवे फिरताहेत.

"अरे भो," आबा म्हणाले, "बाईले पेपर काढना शे, वरात काढनी नही!"

मग त्यांनी माउस उचलला, कानाशी नेला आणि हलवला. महेंद्र काउंटरवरून जवळजवळ उडीच मारून आला. "आबा, याच्यात खुळखुळलं तर तो बिघडेल शे!" आबांना हे फार लागलं. जगात न खुळखुळणारा खरा माल असू शकतो, हे पचवायला त्यांना एक चहा लागला.

पण चहानंतर त्यांनी जे प्रश्न विचारले, ते विचारायचं मला सुचलं नसतं. एका मशिनात जागा खूप, पण ते सुरू व्हायला वेळ घेत होतं. दुसऱ्यात जागा कमी, पण बटण दाबताच तयार. महेंद्र पहिल्याची तारीफ करत होता. आबा म्हणाले, "गोदाम मोठं शे, पन हमाल झोपेल शे. काय कामनं?" दुसरं नक्की झालं. तेही नवंकोरं नाही, कुठल्यातरी मोठ्या कचेरीतून परत आलेलं, साफसूफ करून ठेवलेलं. "हाऊ सुकेल माल शे," आबा खुशीत म्हणाले, म्हणजे वाळलेला. मला खुर्चीत बसवलं, माझ्याकडून माझंच नाव टाइप करून घेतलं आणि विचारलं, "बोटे दुखतस का?" नाही म्हटल्यावर सौदा. ते मशीन अजून माझ्याकडे आहे आणि त्याने मला एकदाही तोंडघशी पाडलेलं नाही. त्यानंतर गल्लीत ज्याला कॉम्प्युटर घ्यायचा तो आधी आबांकडे, मग महेंद्रकडे. महेंद्र त्यांना लांबून येताना बघून दिव्यांचं खोकं टेबलाखाली सरकवायचा.

एकच घर राहिलं होतं, आबांचं.

आबांसोबत त्यांची नात राहायची, जागृती. आई-वडील दोघंही सुरतेला कामाला, म्हणून ती लहानपणापासून आजोबांकडेच वाढली. माझ्या शिकवणीलाही यायची. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर धडे वाचून तिचे डोळे लाल व्हायचे. दहावी झाली आणि सुरतेहून तिच्या वडिलांचा फोन आला, "आबा, आम्ही इकडे कॉम्प्युटर घेतलाय. अकरावीला तिला इकडेच पाठवा."

"आठे बी ई जाई," आबा म्हणाले. इथेही येईल.

"कॉलेज सुरू व्हायच्या आत आला तर राहू द्या तिला तिथंच. नाहीतर मी न्यायला येतो."

ठरलं. आबा त्याच दिवशी महेंद्रकडे गेले. हवं तेच मशीन त्याच्याकडे होतं, माझ्याकडच्यासारखंच, कचेरीतून परत आलेलं. आबांनी त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि हात हलवत बाहेर आले. "सुकेल माल शे, पन वरतून पानी मारेल शे," मला म्हणाले. वाळलेल्या मिरचीवर पाणी शिंपडून वजन वाढवणारे लबाड त्यांनी आयुष्यभर पकडले होते. इथे पाणी मारलं होतं शाळा-कॉलेजांनी. सगळ्यांची पोरं एकदम खरेदीला निघाली होती आणि भाव चढले होते. महिनाभर थांबलं की उतरणार.

"आबा, पण जागृती थांबणार नाही ना महिनाभर!" मी म्हटलं.

"कोठे जास ती? बठनी शे घरमा."

पैशांची अडचण नव्हती, हे मुद्दाम सांगते. सवयीची होती. आबा रोज बाजारात चक्कर मारून यायचे आणि जागृती ओट्यावरून ओरडायची, "आबा, सुकना का?" म्हणजे वाळला का, भाव उतरला का. आबा चपला काढत म्हणायचे, "नही बेटा, अजून वल्ला शे." दोघं हसायची. गल्लीला तो रोजचा खेळच झाला होता. आम्हीही हसायचो. दरम्यान आबांनी सुताराकडून तिच्या उंचीचं टेबल करून घेतलं, खिडकीजवळ ठेवलं. त्यावर तिने तोवर मोबाईलच ठेवला.

एके दिवशी आबा आले, तर जागृतीने विचारलं नाही. ती कपड्यांची बॅग भरत होती. वडील येऊन बसले होते.

स्टेशनवर मीही गेले होते. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तिने हात बाहेर काढला आणि ओरडली, "आबा, सुकना की सांगजो हां!" आबा मान हलवत राहिले, गाडी गेल्यावरही.

मग भाव उतरले. आबा बरोबर होते हो, अगदी बरोबर! भर दुपारी माझ्या दारात येऊन मोठ्याने म्हणाले, "बाई, भाव उतरना!" आणि तसेच उभे राहिले. पुढे काय बोलायचं ते त्यांना आठवेना. मी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या हातात दिला.

मशीन त्यांनी घेतलंच. महेंद्रने येऊन टेबलावर मांडलं, फोन करून जागृतीला पासवर्ड काय ठेवायचा ते विचारलं आणि ठेवला. आबांनी फोन हातात घेतला, "सुकना बेटा." पलीकडून ती म्हणाली, "भारी! दिवाळीले उनू की देखसू."

दिवाळीला ती आली. तिने एकदा मशीन सुरू केलं, आबांना शाबासकी दिली आणि आपल्या वह्या घेऊन परत गेली. सुरतेत तिचं चांगलं चाललं होतं. तिला दोष देण्यासारखं काहीच नव्हतं.

मशीन मांडून जाताना महेंद्र आबांना सांगून गेला होता, मशीन फार दिवस बंद ठेवू नका, ओल धरतं. एवढं पुरलं. आबा रोज दुपारी टेबलाशी बसत आणि बटण दाबत. पडद्यावर 'जागृती' असं नाव यायचं, खाली पासवर्डची रिकामी चौकट. आबा हाताची घडी घालून त्या नावासमोर बसायचे, पथारीवर मिरची वाळताना बसायचे तसे.

एकदा मी म्हटलं, "आबा, पासवर्ड विचारून घ्या तिला. पुढे जाता येईल."

"पुढे जाईसन मी काय करू?" ते म्हणाले. "वल्लं नको व्हवाले, बस."

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. मशीन जागृती सुरतेला घेऊन गेली. टेबल गाडीत मावलं नाही, ते माझ्याकडे आहे, शिकवणीची पोरं वापरतात.

परवा माझ्या भाचीसाठी कॉम्प्युटर घ्यायला महेंद्रकडे गेले. तिची शाळा सोमवारी उघडतेय. मशीन मी आबांच्या रीतीने निवडलं, गोदाम बेताचं, हमाल जागा. महेंद्र बिल करता करता थांबला.

"बाई, तुम्ही घरच्याच, म्हणून सांगतो. आता सीझन आहे. महिनाभर थांबा, भाव उतरी जाई."

"माहीत आहे," मी म्हटलं. "वल्लाच दे."