उखर्डूनानांच्या नावावरची पुस्तकं

जळगावच्या एखाद्या वाचनालयात जाऊन उ. झु. पाटील या लेखकाची पुस्तकं मागून पाहा. ग्रंथपाल आधी तुम्हालाच विचारतील, "कोणते उ. झु. पाटील?" कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे हे चार-पाच जण असावेत. एक केळीवरच्या करप्याबद्दल लिहितो, दुसरा वांग्याच्या भरताबद्दल, तिसरा शेळ्यांच्या पोटफुगीबद्दल. सोनगीरच्या किल्ल्यावर चढायच्या आडवाटा सांगणारा आणखी कोणी. शेतीचं पुस्तक शेतीच्या कपाटात, स्वयंपाकाचं स्वयंपाकाच्या, त्यामुळे या सगळ्या पाटलांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही.

हा सगळा एकच माणूस आहे. यावलचे उखर्डू झुलाल पाटील, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव उखर्डू ठेवलं, म्हणजे यमाने ढुंकूनही पाहू नये. युक्ती लागू पडली. यम फसला, पुढे ग्रंथपालही फसले.

कंडक्टरचा लेखक कसा झाला, तर वडील झुलालआप्पा वारल्यामुळे. आमच्याकडे वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांना गेलेल्याचं नाव कोरलेलं स्टीलचं भांडं देतात. प्रत्येकाच्या घरात अशी कितीतरी मेलेली माणसं मांडणीवर ओळीनं उपडी पडलेली असतात. नानांच्या मनात आलं, आप्पांनी जन्मभर केळी लावली, त्यांना केळीतलं जेवढं कळायचं तेवढं पंचक्रोशीत कोणाला कळत नव्हतं, आणि त्यांची आठवण काय, तर तांब्या? त्यांनी आप्पांच्या तोंडून ऐकलेलं सगळं लिहून काढलं, धुळ्याच्या मगन छापखानेवाल्याकडून छापून घेतलं आणि पाहुण्यांच्या हाती ठेवलं. पाहुण्यांनी नाकं मुरडली, कारण तांब्यात पाणी तरी राहतं. पण पुढच्या हंगामात बागेवर करपा आला आणि लोकांनी त्या पुस्तकासाठी घरं पालथी घातली.

तेव्हापासून जो तो नानांकडे यायला लागला. नानांचा नियम सरळ होता. गेलेल्या माणसाला जे एक चांगलं येत होतं त्यावरच पुस्तक. मग नाना त्या घरी जात, बायकोला विचारत, भावांना विचारत, शेजारपाजारच्यांना विचारत, आणि शेवटी हटकून त्याच्या वैऱ्याला विचारत. वैरी खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. निंबाआबा गेले तेव्हा सगळं गाव विचारात पडलं, कारण आबांना काहीच येत नव्हतं. दुपारी ते जे झोपत ते पार दिवेलागणीला उठत. नानांनी 'दुपारची झोप' लिहिलं. ते इतकं खपलं की मगनने पुन्हा छापलं आणि निंबाआबांच्या मुलांनी बापाचा फोटो बैठकीत मोठा करून लावला.

आणि प्रत्येक पुस्तकावर नाव मात्र नानांचं. गेलेल्याचं नाव आत, 'स्मरणार्थ' म्हणून बारीक अक्षरात. नानांना ते कव्हरवरचं नाव पाहायला फार आवडायचं, पण तसं ते बोलून दाखवत नसत.

गल्लीतल्या लताबाईंच्या वर्षश्राद्धाहून परत येताना, त्यांच्या भरताचं पुस्तक हातात घेऊन, नानांची बायको प्रमिलाबाई एकाएकी म्हणाल्या, "माह्यं पुस्तक कधी लिहिता?"

"काही बी अभद्र बोलू नको," नाना म्हणाले.

"मेल्यावर मी कशी वाचू? मले जित्तेपणी वाचायचंय. आखाजीले हातात पायजे." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा लेकींचा सण.

"आन् विषय?"

"तो तुमी शोधा. लोकाईच्या बायकाईचा शोधता ना? नसन जमत तं तसं सांगा. मंग माह्या नावानं पातेलं वाटा."

हे पातेलं नानांच्या जिव्हारी लागलं. ज्या माणसाने निंबाआबांच्या झोपेतून पुस्तक काढलं, त्याने स्वतःच्या बायकोसाठी पातेलं वाटायचं? नाना त्याच संध्याकाळी बसले. विषय तर समोर वाढलेलाच होता. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. हां हां म्हणता त्यांनी पुस्तक लिहून काढलं आणि प्रमिलाबाईंसमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "मस्त लिहिलं," त्या म्हणाल्या. "कोनाचं हाय?"

"तुह्यं."

"मले सैपाक कधी आवडलाच नाही. करा लागे म्हणून केला. जिले आवडे, त्या लताचं तं तुमी लिहून बसले."

त्या रात्री नाना गुमान जेवले. चाळीस वर्षं ज्या हातच्या भाकरीची चारचौघांत तारीफ केली, त्या हाताला ती भाकरी आवडतच नव्हती, हे घशाखाली उतरायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवाधर्माचा विषय काढून पाहिला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "आरतीले मी उभी राहते, पन मन गॅसवर राहते." नानांनी तोही विषय सोडला. त्यांना आता भीती वाटायला लागली होती, आणि ती पुस्तकाची नव्हती. ज्या बाईबरोबर उभा जन्म काढला, तिच्याबद्दल सांगण्यासारखं आपल्यापाशी एक पानसुद्धा नाही, याची होती.

मग त्यांनी अनोळखी माणसासाठी करत ते केलं. गल्लीत चौकशीला निघाले. "आमच्या घरच्या बाईले काय चांगलं येई, तुमाले काही आठवतं का?" असं त्यांनी दोन-चार घरी विचारलं. आता उखर्डूनाना एखाद्या माणसाबद्दल असं विचारायला कधी येतात, हे अख्ख्या यावलला ठाऊक. दुपारपर्यंत दारात चपलांचा ढीग लागला. भिकुबाई तर पदर डोळ्याला लावूनच ओट्यावर चढल्या. समोर प्रमिलाबाई हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या.

"बस ना भिकू," त्या म्हणाल्या. "कोनासाठी आली?"

भिकुबाईंनी आधी कपाळावर हात मारला, मग चहा घेतला. आलेल्या सगळ्यांनी घेतला. एक पाहुणे तर न्हावी गावाहून भाड्याच्या गाडीने आले होते, त्यांना जेवायलाही घालावं लागलं, आणि स्वयंपाक अर्थातच प्रमिलाबाईंनी केला. नाना मागच्या अंगणात गाईला चारा घालत बराच वेळ थांबले. इतका चारा त्या गाईने कधी पाहिला नव्हता.

आता राहिलं होतं माहेर. पिंपळनेर. नानांनी धुळ्यापर्यंतची गाडी पकडली. या रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी झालेली. यावलहून धुळं, धुळ्याहून यावल. धुळ्यात गाडी बदलून ते साक्रीमार्गे पिंपळनेरला उतरले आणि मेव्हण्याची बायको इंदिराबाई हिच्यासमोर जाऊन बसले. आपण मरणाची चौकशी करत नाही, हे या वेळी त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"तिचं मन माहेरीच रमायचं," त्यांनी सुरुवात केली. "दरसाल एस.टी.कडून फ्यामिलीचा फुकट पास निघाला की आठ-आठ दिवस तुमच्याकडे राहायची. तुमाले जास्त माहीत असणार."

इंदिराबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "दाजी, ताई आठे, आमनाकडे, एकच रात राहे. दुसरा दिन सकायमा थैली उचली का स्टँडवर."

"स्टँडवर कशाले?"

"फिराले. कधी कोल्हापूर, कधी रत्नागिरी. समुद्र पाही उनी ती, एकली. तिनी सारा महाराष्ट्र पाह्येल शे. तुमले ठाऊक नही का?"

नानांनी पाणी मागितलं.

परतीच्या गाडीत त्यांना राग आला होता, आणि खोटं कशाला बोला, हेवाही वाटत होता. एस.टी.त जन्म काढलेला माणूस सासुरवाडीच्या पुढे गेला नव्हता आणि त्याच्या पासावर त्याची बायको समुद्र पाहून आली होती. घरात पाऊल टाकताच ते म्हणाले, "खोटं बोलली तू मले. इतके वर्षं."

प्रमिलाबाई तांदूळ निवडत होत्या. कुठलं प्रकरण बाहेर आलं हे त्यांना लगेच कळलं. "खोटं कुठी? माहेरी जाते म्हने, आन् जायेच मी. मंग पुढे कुठी गेली, हे तुमी इचारलंच नाही."

"पन सांगाचं तरी."

त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "तुमी दिवसभर गाडीत उभे राहून घरी या. पाय सुजेल राहेत. मीच शेकून देई. तुमाले कोन्या तोंडानं सांगू, का मी गाडीत बसाची हौस म्हणून गेली व्हती?"

यावर नानांचा राग विझला. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग नाक पुसून ते कागद-पेन घेऊन आले.

तिथून पुढे पुस्तक अडलं नाही. प्रमिलाबाई सांगत आणि नाना लिहीत. सकाळच्या गाडीला उन्हाची बाजू कुठली, कुठल्या स्टँडवर बाईने रात्र काढावी आणि कुठे काढू नये, "एकट्याच निघाल्या?" असं विचारणाऱ्याला काय उत्तर द्यावं, कोणता कंडक्टर भला आणि तो कशावरून ओळखायचा. कंडक्टरच्या भागावर नवरा-बायकोचा कडाक्याचा वाद झाला आणि नाना हरले. नाव ठरलं, 'एकट्या बाईने एस.टी.ने फिरावं कसं'.

मजकूर घेऊन नाना धुळ्याला गेले. मगनने पानं चाळली आणि सवयीने विचारलं, "कव्हरवर नेहमीसारखंच ना? उ. झु. पाटील?"

नाना जरा घुटमळले. त्यांचा जीव त्या नावात होता, तो असा चुटकीसरशी निघत नाही. आजवर ज्यांचं ज्ञान त्यांनी आपल्या नावाखाली छापलं, त्यांतलं कोणी उठून हिशेब मागायला आलं नव्हतं. हे माणूस घरात चहा करत होतं. "प्रमिलाबाई पाटील," नाना म्हणाले. "मोठ्या अक्षरात टाक."

आखाजीला पुस्तकं आली. मुलगी रूपा माहेरपणाला आली होती. दारच्या निंबाला झोका बांधला होता आणि गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. प्रमिलाबाई पुरणपोळीचं काम रूपाच्या गळ्यात घालून ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. नाना समोरच बसून होते, बोर्डाच्या निकालाची वाट पाहत असल्यासारखे.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "एक चुकलं."

नानांनी खिशातून पेन काढलं. प्रमिलाबाईंनी पान उघडून वाचून दाखवलं. "'शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा. कोणी विचारल्यास आपलं माणूस येतंय असं सांगावं. त्यामुळे नको ते लोक जवळ बसत नाहीत.'"

"बरोबर तर हाय. तूच सांगितलं."

"रुमाल टाके, हे मी सांगितलं. कशासाठी टाके, ते तुमी तुमच्या मनानं लिहिलं."

"मंग कशासाठी टाके?"

"तुमची जागा धरे मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दर गाडीत."

झोक्यावरचं एक गाणं संपून दुसरं लागलं. मग नानांनी पेनाला टोपण लावलं. ती ओळ तशीच राहू दिली. बाकीच्या बायकांना तीच उपयोगाची होती.

"कोल्हापूरची गाडी धुळ्याहून कधी निंघते?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"सकायी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पन खिडकी माही."