नावं नाई भेटत

योगेश्वरी कटरे गोरेगावच्या वाचनालयात अकरा वर्षं ग्रंथपाल होती. बायका वाचनालयात येत नाहीत, अशी कुरकुर वाचनालयाच्या समितीत झाली, तेव्हा ती बाजाराच्या दिवशी पुस्तकांची पिशवी घेऊन भाजीवाल्यांच्या ओळीत बसू लागली. बायका आधी लाजत, मग नेमानं येऊ लागल्या.

२००८ साली सगळ्यात जास्त फिरलं ते साठ पानांचं एक पुस्तक. बापाच्या शेतीत मुलीचा हक्क किती, तो कसा मागायचा, एवढंच त्यात होतं. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जाणाऱ्या बायका ते पदराआड न्यायच्या.

एका दुपारी समितीचे अध्यक्ष चुन्नीलाल पटले तणतणत आले. त्यांच्या बहिणीनं, प्रेमिलानं, तहसीलमध्ये शेतीच्या हिश्श्यासाठी अर्ज दिला होता. त्यांनी ते पुस्तक टेबलावर आपटलं.

"घरं फोडणारं हे पुस्तक इथं कायले ठेवलं?"

"कायदा हाय त्यात, भाऊ. खरेदीच्या यादीवर सही तुमचीच हाय."

"देवघेवीचं रजिस्टर दे. कोनकोन वाचून राहिली, मले पाहाचं हाय."

ती नावं याच्या हाती पडली, तर कोणत्या घरी कोणाच्या झिंज्या धरल्या जातील, हे योगेश्वरीला नेमकं ठाऊक होतं.

"पुस्तक काढाचं तं तसं लिहून द्या. नावं नाई भेटत."

"नोकरी जाईन तुही!"

"जाऊ द्या."

तिनं त्यांच्यासमोर रजिस्टरची पानं टराटरा फाडली आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत कोंबली. हातानं चोळली. शाई सुटून पाणी निळं झालं.

पुस्तक गेलंच. रजिस्टरची नासधूस केली म्हणून तिलाही काढलं. समितीतल्या सात पुरुषांपैकी एकानंही विचारलं नाही, की अध्यक्षांना ती नावं हवी होती कशाला? तिनं वरपर्यंत तक्रार केली. चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा पुस्तकासाठी?"

"एवढंसं होतं, तर त्यांनी नेलं कायले?" ती टेबलावर हात आपटून म्हणाली. "हे लिहा आधी!"

त्यांनी लिहिलं. सहा महिन्यांनी पुस्तक पुन्हा वाचनालयाच्या कपाटात ठेवण्याचा आदेश आला. तिच्या नोकरीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. प्रेमिलाला मात्र दोन वर्षांनी बापाच्या शेतीतली सव्वा एकर धानाची बांधी मिळाली.

योगेश्वरी कामठ्याला भावाकडे राहून शिवणकाम करू लागली. एकदा समितीतले केशोराव भेटायला आले. "माफी मागितली असती, तर आजही खुर्चीवर असतीस," म्हणाले.

तिनं मशीन थांबवलं, उठली, आणि त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.