असामान्य असल्याचा पुरावा

ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं गेली की अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या कंपूकडे कार्डं कमी आणि किस्सेच जास्त जमलेत. शनिवारी सकाळी कोणाच्या तरी घरी पोहे असतात. चहाचं दुसरं आधण ठेवेपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "वकिलाचा फोन आला होता." मग मुलांची कॉलेजं, बर्फ, राजकारण सगळं बाजूला पडतं. या किश्शांतले निम्मे हेमंतचे आहेत. तो स्वतः काही सांगत नाही, म्हणून मी सांगते. मी नागपूरची, मला बोलायचा संकोच कधी शिवला नाही.

हेमंत मूळचा साताऱ्याचा. आम्ही एकाच कंपनीत आहोत. ब्रेक दाबल्यावर गाडी किंचाळते ना, ती किंचाळी बंद करणं हे त्याचं काम. नोकरीवरून केलेल्या अर्जात त्याचा नंबर कित्येक वर्षं एकाच जागी बसून होता. त्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं, पण मुलीचं वाटत होतं. मुक्ता तीन वर्षांची असताना इथे आली आणि आता एकवीसची होणार होती. एकवीस पूर्ण झाली की ती आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. मग तिने स्वतःचा व्हिसा मिळवायचा, नाहीतर सामान आवरून साताऱ्याला जायचं.

सुटका एकच होती. आपण आपल्या कामात असामान्य आहोत हे सरकारला कागदोपत्री पटवायचं. ते पटलं तर जुना नंबर घेऊनच छोट्या रांगेत जाता येतं, आणि वाढदिवसाच्या आत पुढचा अर्ज गेला की मुक्ताचं वय कागदावर तिथंच थांबतं. थोडक्यात, हेमंतला असामान्य व्हायला अकरा महिने होते.

*

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, तुम्ही इतरांपेक्षा वेगळं काय करता? हेमंतने बराच विचार केला आणि सांगितलं की खरं तर टीम चांगली आहे.

बाईंनी प्रश्न चार प्रकारे फिरवून विचारला. चारही वेळा टीमच पुढे आली. त्याची बायको सुजाता शेजारी बसून होती. ती मला म्हणाली, मला वाटलं आता उठून मीच टेबलावर डोकं आपटते.

तेवढ्यात बाहेर पार्किंगमध्ये एक गाडी थांबली. हेमंत खिडकीकडे न बघताच म्हणाला, "मागचं डावं चाक. पॅड संपत आलंय, या आठवड्यात बदलायला हवं."

बाईंनी उठून खिडकीतून पाहिलं. त्यांची मुलगी त्यांचीच गाडी घेऊन आली होती. शुक्रवारी मेकॅनिकने तेच चाक सांगितलं. सोमवारी बाईंचा फोन आला, आता मी तुमची केस मनापासून लढणार.

त्यावर हेमंत आम्हाला म्हणतो, "त्यात काय, ते कोणालाही ऐकू येतं." आम्ही सगळे पोहे खात एकमेकांकडे बघत राहिलो.

*

या अर्जाला मोठ्या लोकांची शिफारसपत्रं लागतात. मोठ्या लोकांना वेळ नसतो, म्हणून मसुदा आपणच लिहून द्यायचा आणि त्यांनी फेरफार करून सही करायची, अशी इथली रीत आहे. म्हणजे स्वतःची स्तुती स्वतःच, तीही दुसऱ्याच्या तोंडून. आमच्या पिढीला घरी कोणी कौतुक केलं तरी "कसलं हो" म्हणायची सवय. हेमंत तर त्यातला मेरुमणी.

त्याने आपल्या अमेरिकन बॉससाठी मसुदा लिहिला. हेमंत वेळेवर येतो. दिलेलं काम प्रामाणिकपणे करतो. त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

बॉसने त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "हेमंत, आपलं काही बिनसलंय का? मी ज्यांना कामावरून काढतो त्यांना असं पत्र देतो."

मग बॉसने स्वतः बसून तीन पानं लिहिली. ती वाचून हेमंत दोन दिवस त्याच्यासमोर जाईना. लाज वाटते म्हणाला.

*

वकीलबाईंनी सांगितलं, आजवर मिळालेली सगळी बक्षिसं पाठवा. हेमंतने साताऱ्याला फोन करून वडिलांना, अण्णांना, विचारलं, माझं काही आहे का घरी?

दहा दिवसांनी कुरियर आलं. अण्णांनी काही म्हणजे काही मागे ठेवलं नव्हतं. चौथीची स्कॉलरशिप, हस्ताक्षर स्पर्धेतलं उत्तेजनार्थ बक्षीस, गणेशोत्सवातली लिंबू-चमचा शर्यत, आणि गावच्या पतसंस्थेने गुणवंत पाल्य म्हणून दिलेली स्टीलची बरणी. बरणीवर नाव कोरलेलं होतं, म्हणून तीही पुरावा.

बाईंच्या ऑफिसातल्या मुलीने लिंबू-चमचाचं प्रमाणपत्र बघून फार आदराने विचारलं, ही स्पर्धा राष्ट्रीय पातळीवरची होती का?

फाईलमध्ये यातलं काहीच गेलं नाही. बरणी मात्र सुजाताने ठेवून घेतली. तिच्यात आता शेंगदाण्याचं कूट असतं.

*

देशमुखकाका आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. रिटायर्ड डॉक्टर, पन्नासेक वर्षांपूर्वी आलेले. एका शनिवारी हेमंतची फाईल त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांना ती एका हाताने उचलेना.

"हे सगळं एका कार्डासाठी?" काका म्हणाले. त्यांचं कार्ड म्हणे अर्ज केल्यावर काही महिन्यांतच पोस्टाने आलं होतं, तेही अशा साध्या पाकिटातून की काकांनी ते सेलच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकलं. काकूंनी बटाट्याच्या सालांतून काढून पुसून ठेवलं.

कोणी हसेना. काकाही ओशाळले. मग त्यांनी फाईल दोन्ही हातांनी उचलून टेबलावर नीट मधोमध ठेवली. मला त्या क्षणी काकांबद्दल फार माया वाटली.

*

अर्ज पाठवायच्या आधी सुजाताने पूर्ण वाचायला घेतला. तारखा जुळतात की नाही एवढंच तिला बघायचं होतं. हेमंतने काढलेल्या कुठल्याशा युक्तीमुळे तीन खंडांतल्या गाड्यांचे ब्रेक शांत झाले, इतर कंपन्यांचे इंजिनिअर त्याचे लेख वाचून काम करतात, असं सगळं त्यात होतं. तिने तीन संध्याकाळी वाचलं. शेवटचं पान मिटून ती म्हणाली, "हे सगळं तू केलंस? मला वाटायचं, तू दिवसभर मीटिंगमध्ये असतोस."

हेमंत म्हणाला, मीटिंगही असतात.

*

आता शेवटचा. वाढदिवसाला दोन महिने उरले असताना सरकारकडून पत्र आलं: पुरावा अपुरा, आणखी द्या. त्या शनिवारी पोहे तसेच उरले. बाईंनी आणि बॉसने मिळून नवी पत्रं जमवली, हेमंतने यावेळी मुकाट्याने सह्या घेतल्या, आणि मंजुरी आली ती वाढदिवसाला सोळा दिवस राहिले असताना. पुढचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला.

अर्ज पोचल्याच्या पावत्या आल्या तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याच घरी होतो. तीन पाकिटं. हेमंतने स्वतःचं बाजूला ठेवलं, सुजाताचंही ठेवलं, आणि मुक्ताचं फोडलं. तारीख वाचली. परत वाचली. मग ते माझ्या हातात देऊन म्हणाला, तू वाच, मला दिसत नाहीये. मी मोठ्याने वाचलं. अर्ज वाढदिवसाच्या आत पोचला होता; त्या दिवशीही वाढदिवसाला नऊ दिवस बाकी होते. सुजाता ओट्याला टेकून रडायला लागली.

या अकरा महिन्यांत मुक्ताने एकदाही काही विचारलं नव्हतं. कॉलेज, मैत्रिणी, फोन, सगळं नेहमीसारखं. तिला याचं काही पडलेलंच नाही असं आम्हाला वाटायचं, आणि मी तसं एकदा सुजाताला बोलूनही दाखवलं होतं. घरी ती मोडकंतोडकं मराठी बोलते. मराठी वाचणं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

ती वर तिच्या खोलीत गेली आणि एक वही घेऊन आली. हेमंतच्या पुढ्यात ठेवली. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. पानंच्या पानं बाराखडी, गिरवून गिरवून. पुढे शब्द, प्रत्येकापुढे इंग्रजीत अर्थ. घर. दवाखाना. भाडं. नोकरी. उजवीकडे. सातारा. अण्णा. पहिल्या पानावर तारीख होती, अकरा महिन्यांपूर्वीची.

हेमंत पानं उलटत राहिला. मुक्ता म्हणाली, "बाबा, जोडाक्षरं राहिलीत. आय कॅन स्टॉप नाऊ, राइट?"