बाईसाठी हळू केलेला जपानी कन्सोल

मागच्या रविवारी राजुऱ्याला, आमच्याच हॉलमध्ये, माझ्या मोठ्या बहिणीची पार फजिती झाली... आणि त्याला कारण मी. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो.

बाई म्हणजे लहानपणी आमच्या गल्लीची व्हिडिओ गेमची चॅम्पियन. बाबांनी कुठून तरी सेकंडहँड आणलेला कन्सोल, त्यात धावत, उड्या मारत जायचा एक गेम, आणि बाई. मी धाकटा, त्यामुळे माझ्या हातात दुसरा कंट्रोलर असायचा... त्याची वायर कुठेच जोडलेली नाही हे मला फार उशिरा कळलं.

बाईला पाहायला पाहुणे आले तेव्हा बाबांनी अभिमानाने सांगितलं होतं, पोरगी स्वयंपाक करते, शिवण करते आणि गेममधल्या शेवटच्या राक्षसालाही मारते. आमचे भाऊजी एटापल्लीला मास्तर आहेत. त्यांनी हे वाक्य लग्नापासून जपून ठेवलंय, भाजी करपली की बाहेर काढतात.

मोठेपणी मला जुन्या कन्सोलचं वेड लागलं. अमेरिकेचा, युरोपचा, जपानचा... मशीन एकच, पण प्लग वेगळा, कॅसेटची खाच वेगळी. पहिला जपानी अडॅप्टर, फक्त शंभर व्होल्टचा, मी सरळ आपल्या सॉकेटमध्ये लावला आणि घरभर धूर केला. तेव्हापासून मी सोल्डरिंग गन हातात घेतली की आई खोलीचं दार उघडं ठेवायला लावते.

यंदा मात्र आमच्या जुन्या कन्सोलचा अस्सल जपानी भाऊ मिळाला. आतला एक स्क्रूसुद्धा कुणी फिरवलेला नव्हता. सुट्टीत बाई आणि भाऊजी आले, सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांमागे धूळ खात, आणि मी त्यांना धड चहाही पिऊ दिला नाही. त्याच जुन्या गेमची जपानी कॅसेट लावली आणि कंट्रोलर थेट बाईच्या हातात.

पहिलाच खड्डा... पडली. परत खेळली, परत तिथेच पडली.

"हा काऊन एवढा पळून राह्यला बे?" बाई म्हणाली. "आपला असा नव्हता. चित्रबी एवढं मोठं नव्हतं."

भाऊजी सोफ्यावर मांडी घालून बसले होते. "सासरेबुवांनी आपल्याले फसवलं वाटते," ते म्हणाले. सगळे हसले, बाईही हसली... पण कंट्रोलर हळूच खाली ठेवून आत गेली.

संध्याकाळी मला एकट्याला गाठून तिने विचारलं, "मले खरंच येत होतं ना रे? का मीच उगाच सांगत सुटली?" मला फार वाईट वाटलं. घर, सासर, नातेवाईक, कशाशीच संबंध नसलेली ही एक गोष्ट तिची एकटीची होती, आणि ती मी हौसेपायी मोडीत काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भाकऱ्या थापत होती आणि थापता थापता त्या गेमची धून गुणगुणत होती. मी चहाचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिलो. धून तीच... पण टीव्हीवरच्यापेक्षा चांगलीच हळू.

मग ट्यूब पेटली! त्या काळी आपल्याकडचे टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायचे, जपानचे साठ. त्यामुळे आपल्याकडे यायचे ते कन्सोल तोच गेम हळू चालवायचे, आणि चित्र दाबून वर-खाली काळ्या पट्ट्या टाकायचे. बाईचे हात त्या चालीवर तयार झालेले.

जगभर लोक हळू कन्सोल फास्ट करायला त्यात स्विच बसवतात. मी ऑनलाइन ग्रुपवर नेमकं उलटं विचारलं. युरोपातल्या एका गृहस्थाने पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली, हळू? नक्की हळू? मग त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

दुपारी सगळे जेवून लवंडले, तेव्हा मी त्या कोऱ्या बोर्डावर ब्लेड टेकवलं. तांब्याची एक बारीक रेघ कापायची, वायरी जोडायच्या, बस. पण कापलेली रेघ परत कंपनीसारखी होत नाही, कलेक्टर लोकांच्या लेखी कन्सोल तिथेच बाटतो. तरी कापली. मागे स्विच बसवला आणि मार्करने एका बाजूला लिहिलं 'जपान', दुसऱ्या बाजूला 'राजुरा'.

चहाच्या वेळी स्विच राजुऱ्यावर टाकला. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि बाई एकदम सरसावून बसली. "हां! ह्याच पट्ट्या! आता बरोबर हाय!"

पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. जीभ दातांत धरून, उडी मारताना स्वतःच अर्धी उठून, बाई पळत सुटली. शेवटचा राक्षस पडला तेव्हा गॅसवर चहा उतू जात होता आणि कुणीही उठलं नाही.

"भावानं हळू करून देल्लं," भाऊजी म्हणाले. "हे काई खरं नाई." बाईने कंट्रोलर त्यांच्यापुढे धरला. "घ्या ना मंग. हळूच हाय आता."

भाऊजी पहिल्याच खड्ड्यात पडले. परत पडले. चष्मा पुसून आले आणि परत पडले... शेवटी माझ्याकडे झुकून, बाईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "याच्याहून हळू होत नाई का?"

काल दोघं एटापल्लीला परत गेले. ग्रुपवर मी कापलेल्या बोर्डाचा फोटो टाकला तर लोक हळहळले, मला मात्र काडीचंही वाईट वाटलं नाही. बाई ही पोस्ट वाचणार आहे, म्हणून इथेच सांगतो...

बाई, तुला खरंच येत होतं. मी बाजूलाच बसलेला असायचो, मी पाहिलंय.